लॉटरीच्या पैशातून मुंबईचा टाऊन हॉल सुरू झाला, त्यामागे होता हा न्यायाधीश

कोरेगाव असो की मुंबई, लॉटरी म्हटलं की आपल्याला नशीब आठवतं. पण एकेकाळी लॉटरीच्या पैशातून इमारती आणि रस्ते व्हायचे. मुंबईच्या फोर्टमधला टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, हे त्याचंच उदाहरण. या गोष्टीच्या मुळाशी आहेत सर जेम्स मॅकिन्टॉश.

त्यांचा जन्म १७६५ चा, स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसजवळचा. शिकले डॉक्टरकी, पण वळले वकिलीकडे. १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेणारं पुस्तक लिहून ते गाजले. पुढे त्यांचं मत बदललं. १८०४ मध्ये ते मुंबईच्या रेकॉर्डर कोर्टाचे न्यायाधीश म्हणून आले आणि त्याच वर्षी त्यांनी परळला लिटररी सोसायटी स्थापन केली.

सोसायटीला हक्काची जागा हवी होती. १८११ मध्ये टाऊन हॉलची कल्पना पुढे आली. पैसा कुठून आणायचा? उत्तर होतं लॉटरी.

हिशोब सोपा असतो. तिकिटं विकायची, त्यातून बक्षिसं द्यायची आणि उरलेली रक्कम कामाला लावायची. समजा १०० रुपये जमले आणि ७० बक्षिसांत गेले, तर हातात राहतात ३०. लोकांना कर भरल्यासारखं वाटत नाही, हा फायदा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठीही १७५३ च्या कायद्याने अशीच लॉटरी काढली होती. कलकत्त्यात तर रस्त्यांसाठी खास लॉटरी कमिटी होती.

मुंबईत मात्र हे पैसे पुरले नाहीत. शेवटी सरकारने उरलेला खर्च उचलला आणि बदल्यात इमारतीत कचेऱ्यांसाठी जागा घेतली. काम संपलं १८३३ मध्ये.

मॅकिन्टॉश १८११ मध्येच मायदेशी परतले होते. तिथे खासदार होऊन त्यांनी फाशीची शिक्षा कमी व्हावी म्हणून लढा दिला. मे १८३२ मध्ये ते वारले. पूर्ण झालेला टाऊन हॉल त्यांना बघता आला नाही.

गरिबांचे संसार बुडतात, ही लॉटरीबद्दलची तक्रार तेव्हाही होती. ब्रिटनने १८२६ मध्ये सरकारी लॉटरी बंद केली. भारतात १८४४ च्या कायद्याने सरकारी परवानगी नसलेल्या लॉटऱ्यांवर बंदी आली. महाराष्ट्राने स्वतःची लॉटरी सुरू केली ती १९६९ मध्ये.

पुढच्या वेळी टाऊन हॉलच्या ३० पायऱ्या चढाल, तेव्हा एवढं लक्षात ठेवा. सुरुवात तिकिटांच्या पैशाने झाली, पण काम तडीस नेलं ते सरकारी तिजोरीने.