बेचाळीस दीर्घिका आणि एक धर्मगुरू

फादर जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १८९४ साली बेल्जियममधील शार्लरॉय येथे झाला. ते इंजिनिअरिंग शिकत असतानाच १९१४ चे महायुद्ध सुरू झाले. ते स्वखुशीने सैन्यात गेले आणि तोफखान्यात लढले. युद्ध संपल्यावर त्यांनी गणिताचा अभ्यास केला, गुरुविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२३ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. त्याच वर्षी ते खगोलशास्त्र शिकण्यासाठी केंब्रिजला गेले.

आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे ताऱ्यांचे असेच अफाट समूह आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. लांब जाणाऱ्या रेल्वेगाडीचा भोंगा जसा जाड ऐकू येतो, तसा दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश तांबडेपणाकडे झुकतो. इतरांनी दुर्बिणीतून घेतलेल्या अशा ४२ दीर्घिकांच्या नोंदी फादरांनी आपल्या गणिताशी ताडून पाहिल्या. दीर्घिका जितकी दूर, तितकी ती वेगाने लांब जाते. याचा अर्थ विश्व प्रसरण पावत आहे, असे त्यांनी १९२७ साली एका फ्रेंच लेखात मांडले. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये आईन्स्टाईन भेटले. त्यांना गणित पटले, पण निष्कर्ष मुळीच पटला नाही.

दोन वर्षांनी अमेरिकेत हबल यांनी निरीक्षणांतून हेच दाखवले आणि नाव त्यांचे झाले. १९३१ साली फादरांच्या लेखाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा प्रसरणाच्या वेगाचा हिशेब त्यांनी स्वतःच गाळला. आता ते आकडे जुने झाले, एवढेच त्यांचे म्हणणे! या नियमाला हबल यांच्यासोबत लमेत्र यांचेही नाव द्यावे, अशी शिफारस जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी केली ती २०१८ साली.

१९३१ मध्येच त्यांनी पुढचे पाऊल टाकले. विश्व पसरत असेल, तर मागे जाता जाता ते एका आदिम अणूत सामावलेले असले पाहिजे. आज आपण याला महास्फोट म्हणतो. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या विज्ञानाचा संबंध परमेश्वराच्या निर्मितीकार्याशी जोडला. एखादा धर्मगुरू आनंदाने फुलून गेला असता. फादर लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. सिद्धान्त उद्या चुकीचाही ठरू शकतो, मग श्रद्धा त्यावर कशी टेकवायची? त्यांनी आपली काळजी रोममध्ये कळवली. पुढच्या वर्षी पोप महोदय खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले, तेव्हा तो विषय त्यांनी काढला नाही. पोपशी मतभेद असूनही आज्ञाधारक राहणे सोपे नसते. फादरांनी ते कसलाही गाजावाजा न करता साधले. १९६० साली ते व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

१९६५ साली अमेरिकेतील दोन संशोधकांना त्या आरंभकाळाची उरलेली ऊब आकाशात सर्व दिशांनी येताना सापडली. फादर तेव्हा आजारी होते. एका सहकाऱ्याने त्यांना ती बातमी सांगितली. २० जून १९६६ रोजी लूव्हेन येथे ते देवाघरी गेले.