शिकारी चित्रकार : मेजर रॉबर्ट गिल

गेल्या डिसेंबरात सबमिशन संपलं आणि आम्ही हॉस्टेलचे सहाजण सेंट्रल बस स्टँडवरून एसटी पकडून अजिंठ्याला गेलो. लेणी बघायची हौस कमी, मेसच्या जेवणातून एक दिवस सुटका हवी होती! शाळेत असताना मी दोनदा अजिंठा बघितला होता. सिस्टरनी रांगेत नेलं, रांगेत परत आणलं. लक्षात राहिली ती फक्त माकडं.

या वेळी मात्र १७ नंबरच्या लेण्यात पाय थबकले. गाईडने टॉर्चच्या उजेडात शरभ जातकाची गोष्ट सांगितली. एक राजा धनुष्यबाण घेऊन जंगलात शिकारीला जातो. शरभ नावाचं हरणासारखं जनावर दिसतं. राजा घोडा फेकतो, पण वाटेत दरी आल्यावर घोडा अडतो आणि राजा खाली पडतो. मागचा आवाज बंद झाला म्हणून शरभ वळून बघतो, तर शिकारीच खड्ड्यात! तो आधी माणसाच्या वजनाचा दगड पाठीवर घेऊन चढून बघतो आणि मग राजाला पाठीवर घेऊन वर काढतो. आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याला लगेच लोड टेस्ट आठवली.

१० नंबरच्या लेण्यातली गोष्ट मात्र काळजाला लागली. हरणं मारायला निघालेल्या काशीच्या राजाचा बाण आंधळ्या आईबापांसाठी पाणी भरणाऱ्या श्यामला लागतो. आपल्या श्रावणबाळाचीच गोष्ट! याच लेण्याच्या खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवलीय. तो इथे वाघाच्या शिकारीला आला होता. म्हणजे अजिंठा जगाला पुन्हा सापडला तोही शिकारीमुळेच.

आणि मग गाईडने सांगितलं, की ही चित्रं पहिल्यांदा उतरवून घेणारा माणूसही शिकारीच होता. मेजर रॉबर्ट गिल. परत आल्यावर लायब्ररीत बसून मी त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचून काढलं.

गिलचा जन्म १८०४ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत तो अधिकारी झाला. चित्रकलेत हात चांगला होता. जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाने अजिंठ्याच्या चित्रांची दुर्दशा लंडनमध्ये मांडली, आणि १८४४ मध्ये कंपनीने या चित्रांच्या नकला करण्याचं काम कॅप्टन गिलला दिलं. त्याने अजिंठा गावातल्या बारादरीत मुक्काम ठोकला. काम काय, तर भिंतीवरची चित्रं जशीच्या तशी, त्याच मापात, कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हा तिथे ना रस्ता, ना वीज. लेण्यांत वटवाघळं, ओल, अंधार. भिंतीवरचा गिलावा जागोजागी सुटलेला. खाली वाघूर नदी, भोवती डोंगर, आणि त्या डोंगरांत वाघ, अस्वलं, सांबर. भिल्लांची वस्ती याच मुलखात. ते तिरकमठा घेऊन शिकार करत. गिलकडे बंदूक होती. दीडशेच्या वर वाघ त्याने मारले असं सांगतात. आकडा खरा-खोटा देव जाणे, पण तो पट्टीचा शिकारी होता यात वाद नाही. फर्ग्युसनबरोबर १८६४ मध्ये निघालेल्या त्याच्या फोटोंच्या पुस्तकात लेण्या-देवळांबरोबर जंगली जनावरांचेही फोटो आहेत.

इथे मला एक प्रश्न पडला. माणसाला पाठीवर घेऊन वाचवणारं जनावर ज्या भिंतीवर आहे, त्या लेण्यांत हा माणूस वर्षानुवर्षं बसला आणि बाहेर येऊन पुन्हा बंदूक उचलली. त्याला काहीच वाटलं नसेल?

याचं थोडंसं उत्तर मला माझ्या रूममेटच्या आजोबांकडून मिळालं. ते सोयगावकडचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, त्याआधी त्यांनी मोठ्या माणसांबरोबर रान तुडवलेलं. दिवाळीत त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, की बाण लागला म्हणून हरीण जागेवर पडत नाही. बाणाने रक्त जातं आणि हळूहळू जनावर थकतं. लगेच मागे धावलं तर ते भीतीने दोन डोंगर ओलांडून जाईल. म्हणून आधी गप बसायचं. मग बाण लागला त्या जागेपासून माग काढायचा. रक्त लालभडक आणि फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात लागला, जनावर जवळच सापडेल. काळपट असेल तर थांबायचं. पोटातली घाण मिसळलेली असेल तर खूप थांबायचं. थेंब दिसेनासा झाला की शेवटच्या थेंबापाशी एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने पुढचं गवत, पानं, दगड बघायचे. रात्र झाली तर सकाळी पुन्हा यायचं. पण जखमी जनावर तसंच सोडून घरी जायचं नाही. ते पाप.

हे ऐकताना मला गिलचं पुढचं आयुष्य आठवत होतं. १८५६ च्या मे महिन्यात त्याची पारो गेली. इथलीच मुलगी. अजिंठा गावात त्याने बांधलेली तिची कबर आहे. त्या दोघांवर ना. धों. महानोरांचं दीर्घकाव्य आहे आणि त्यावर २०१२ मध्ये नितीन देसाईंनी काढलेला सिनेमाही आपल्यापैकी अनेकांनी बघितलाय. पारो गेली तरी गिल तिथेच राहिला. १८६३ पर्यंत त्याने जवळपास तीस मोठी चित्रं पूर्ण करून लंडनला पाठवली. ती क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. मोजकी चित्रं वाचली, बाकी सगळी राख!

मित्रांनो, व्हायवाच्या आदल्या रात्री हार्डडिस्क क्रॅश झाली तर आपली काय अवस्था होते? इथे तर जवळजवळ वीस वर्षांचं काम होतं आणि बॅकअप नाही. गिल तेव्हा साठी ओलांडलेला. त्याने काय करावं? रंगांचं सामान पुन्हा मागवलं आणि पुन्हा अजिंठ्यात जाऊन उभा राहिला. शेवटच्या थेंबापाशी.

काम पुरं झालं नाही. एप्रिल १८७९ मध्ये तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. पण तोवर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यात नकला करायला लागले होते. १८७२ पासून १८८५ पर्यंत ते काम चाललं. त्यातलीही बरीच चित्रं १८८५ च्या लंडनमधल्या आगीत जळाली! पण ग्रिफिथ्सनी नंतर त्या कामाचं मोठं पुस्तक छापलं. एक माग काढता काढता थकला, तर दुसऱ्याने तिथून पुढे सुरू केलं.

गिलने मारलेल्या वाघांचं मी कौतुक करणार नाही. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत आपल्या गौताळा अभयारण्यात आला, तर ती केवढी मोठी बातमी झाली! गिलच्या काळात वाघ दिसणं ही बातमी नव्हती. हे जंगल कोणी रिकामं केलं, हे विसरून चालणार नाही.

पण अजिंठ्याची चित्रं हेसुद्धा एक जखमी जनावरच होतं. रोज थोडं थोडं गळत होतं. त्याचा माग गिलने मरेपर्यंत सोडला नाही. बॅक लागल्यावर ब्रँच बदलायचा विचार करणाऱ्या माझ्यासारख्याला एवढं पुरेसं आहे. पुढच्या वेळी अजिंठ्याला जाताना एसटी अजिंठा गावात थांबली की उतरा. पारोच्या कबरीपाशी दोन मिनिटं उभे राहा, आणि मगच घाट उतरून लेण्यांकडे जा.