रंगतपस्वी आडोल्फ फॉन बायर

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

इतिहास हा माझा विषय. रसायनशास्त्राशी असलेले नाते दहावीनंतर तुटले. तरीही एका रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचे धाडस करीत आहे, आणि त्याला कारण इतिहासच आहे. चंपारण्याच्या सत्याग्रहाचा अभ्यास करताना जर्मनीतल्या कृत्रिम निळीचा उल्लेख येतो. त्या निळीचा माग काढत मी आडोल्फ फॉन बायर यांच्यापाशी पोहोचलो.

बायर यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ रोजी बर्लिन येथे झाला. वडील लष्करी अधिकारी व भूमापनतज्ज्ञ होते, म्हणून घरात विद्येचे वातावरण होते. माझ्यासारखी घरातली पहिली पाटी त्यांना हाती धरावी लागली नाही. पण ध्यास काही वारशाने मिळत नाही. बाराव्या वर्षी या मुलाने तांब्याचा एक नवा क्षार तयार केला. तेराव्या वाढदिवशी हाती आलेल्या दोन थेलरांतून त्याने खाऊ किंवा खेळणे घेतले नाही. विकत घेतला निळीचा खडा. त्या खड्याने त्याला जन्मभर सोडले नाही.

हायडेलबर्गला बुन्सेन आणि पुढे केकुले अशा थोर गुरूंकडे शिक्षण झाल्यावर १८६० मध्ये बायर बर्लिनच्या एका औद्योगिक शिक्षणसंस्थेत शिकवू लागले. पगार तुटपुंजा होता, मात्र प्रयोगशाळा प्रशस्त होती. तिथे त्यांनी बारा वर्षे काढली. १८६४ मध्ये त्यांनी बार्बिट्युरिक आम्ल तयार केले आणि १८७१ मध्ये फ्लुओरेसीन.

हे फ्लुओरेसीन मोठे नवलाचे द्रव्य आहे. त्यावर निळा प्रकाश पडला की ते तो शोषून घेते आणि हिरवा प्रकाश बाहेर टाकते. कापडावर हा रंग टिकत नाही, पण अगदी अल्प प्रमाणातही तो डोळ्यांना दिसतो. १८७७ मध्ये डॅन्यूब नदीच्या जमिनीत गडप होणाऱ्या पाण्यात हा रंग दहा किलो ओतला गेला, आणि दोन-अडीच दिवसांनी दूरच्या आख झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. गडप झालेले पाणी कुठे जाते, हे त्यामुळे कळले. गेल्या मळणीच्या वेळी माझ्या आईच्या डोळ्यात कुसळ गेले. डॉक्टरांनी पापणीच्या आत एक पिवळी कागदी पट्टी टेकवली, निळा दिवा धरला आणि बुबुळावरचा ओरखडा हिरवा उजळला. तो रंग बायर यांचाच होता, हे मला पुढे वाचनात समजले.

१८७२ मध्ये बायर स्ट्रासबर्गला गेले. तिथे एमिल फिशर हा शिष्य त्यांना लाभला. फिशरचा १८७४ चा प्रबंध याच रंगांच्या कुळावर होता. १८७५ मध्ये बायर म्युनिकला लीबिग यांच्या जागी प्राध्यापक झाले. तिथे १८८० मध्ये निळीची नवी कृती साधली आणि १८८३ मध्ये तिच्या रेणूची रचना उलगडली. त्यांची कृती कारखान्याला परवडणारी नव्हती. दुसऱ्यांच्या पद्धतीने बनवलेली कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली आणि आपल्याकडच्या निळीचा भाव कोसळला. मळेवाल्यांनी तो तोटा खंड वाढवून रयतेच्या माथी मारला. प्रयोगशाळेतल्या शोधाची झळ चंपारण्याच्या शेतकऱ्याला बसली, हे खरे. पण ती त्याच्यापर्यंत पोहोचवली मळेवाल्यांच्या लोभाने.

फिशर यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तर त्यांच्या गुरूंना १९०५ मध्ये. शिष्यात् इच्छेत् पराजयम् असे आपण म्हणतो, ते इथे अक्षरशः घडले.

या दोघांची पुन्हा भेट झाली ती त्यांच्या पश्चात. आनुवंशिकतेचा मजकूर ज्या डीएनएत लिहिलेला असतो, त्याची अक्षरे चारच आहेत. त्यांपैकी ॲडेनिन आणि ग्वानिन ही दोन फिशर यांनी १८९७ मध्ये प्रयोगशाळेत बनवली होती. उरलेल्या दोहोंत, सायटोसिन व थायमिन यांत, जे वलय आहे तेच बायर यांच्या बार्बिट्युरिक आम्लातही आहे. १९८७ मध्ये ड्यू पाँट कंपनीच्या शास्त्रज्ञांनी फ्लुओरेसीनच्या कुळातले चार रंग या अक्षरांच्या मुद्दाम बदललेल्या रूपांना एकेक करून जोडले. असे रूप डीएनएच्या साखळीत बसले की साखळीची वाढ तिथेच थांबते. मग तुकडे लांबीप्रमाणे लावायचे, त्यांवर लेसर टाकायचा आणि चमकणाऱ्या रंगावरून शेवटचे अक्षर ओळखायचे. डोळ्यांनी वाचण्याचे किचकट काम यंत्राकडे गेले. २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झालेले मानवी जनुकसंचाचे वाचन अशाच चमकत्या रंगांच्या आधारे झाले.

कॉलेजची पायरी चढणारा आमच्या घरातला मी पहिलाच. इतिहास शिकून हाती काय येणार, असे वडील विचारतात. त्यांचा प्रश्न रास्त आहे, कारण माझी फी त्यांच्या घामातून येते. बायर यांच्या चरित्रात या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. मला दिसले ते एवढेच, की नदीचा माग, जखमी डोळा, डीएनएची अक्षरे यांतले काहीही १८७१ साली त्यांच्यासमोर नव्हते. समोर होता तो एक रंग, आणि तो पुरता समजून घेण्यात त्यांनी हयगय केली नाही.

ऐंशीव्या वर्षापर्यंत ते म्युनिकला प्राध्यापकपदावर होते. २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी चंपारण्यात गांधीजी रयतेच्या जबान्या नोंदवून घेत होते.