डॉ. पॉल ताकाशी नागाई : उराकामीच्या राखेतील सेवाव्रती

नागासाकी हे नाव वसईच्या भाविकांना परके नाही. आपल्या भूमीचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी याच शहरातील निशिझाका टेकडीवर क्रुसावर प्राणार्पण केले. त्यानंतर सुमारे साडेतीन शतकांनी त्याच शहराच्या उराकामी भागात एका प्रापंचिक डॉक्टरने श्रद्धेची वेगळीच कसोटी दिली. त्या डॉ. पॉल ताकाशी नागाई यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९०८ रोजी मात्सुए येथे झाला. नागासाकीत वैद्यकीय शिक्षण घेताना हा तरुण देव आणि आत्मा मानत नसे. मात्र आईच्या मृत्युशय्येजवळ त्याच्या मनातील आत्मविश्वास डळमळला. पुढे उराकामीतील मोरियामा कुटुंबात तो भाडेकरू म्हणून राहिला. धर्मबंदीच्या अडीचशे वर्षांत गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे पुढारपण या घराण्याकडे होते. १९३४ साली नागाईंनी स्नानसंस्कार स्वीकारला आणि त्याच वर्षी त्या घरची कन्या मिदोरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला.

नागाई क्ष-किरणतज्ज्ञ होते. युद्धकाळात फिल्मचा तुटवडा पडला, तेव्हा क्षयरोगाच्या तपासणीसाठी ते रुग्णांना किरणांपुढे उभे करून थेट पडद्यावर पाहत. परिणामी जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आयुष्याची तीन वर्षे उरल्याचे त्यांना सांगण्यात आले.

तो काळ शहरांवरील हवाई हल्ल्यांचा होता. १० मार्च १९४५ च्या रात्री एकट्या टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळून गेली होती. जपानमध्ये शेजारच्या घरांचे गट करून नागरी संरक्षणाची कवायत चाले. बादल्यांची साखळी, वाळूचे ढीग, डोक्यावर कापूस भरलेल्या टोप्या, डोंगरउतारात खोदलेली भुयारे अशी ती तयारी असे. वैद्यकीय महाविद्यालयातही पथके नेमली होती आणि अकराव्या पथकाचे प्रमुख नागाई होते. १ ऑगस्टच्या हल्ल्यात महाविद्यालयाच्या आवारातच बॉम्ब पडले. तेव्हा ही शिस्त उपयोगी पडली असेल, असे आम्हांस वाटते. आगीचे बॉम्ब आणि सुरुंगी बॉम्ब यांच्यासाठी ती तयारी होती. पुढच्या गुरुवारी जे कोसळले त्यासाठी कोणतीच तयारी नव्हती.

९ ऑगस्टला सकाळी भोंगा वाजला आणि थोड्या वेळाने धोका टळल्याची सूचनाही झाली. लोक भुयारांतून बाहेर पडून कामाला लागले. उराकामीच्या कॅथेड्रलमध्ये स्वर्गोन्नयनाच्या सणानिमित्त पापनिवेदन चालू होते. अकरा वाजून दोन मिनिटांनी सुमारे ५०० मीटर उंचीवर अणुबॉम्ब फुटला. कॅथेड्रलमधील कोणीही वाचले नाही. उराकामीच्या सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी जवळपास साडेआठ हजार मरण पावले.

नागाई काँक्रीटच्या इमारतीत होते, म्हणून वाचले. काचांनी त्यांच्या कानशिलाजवळची रक्तवाहिनी कापली होती. पट्टी बांधून ते ढिगाऱ्याखालची माणसे काढू लागले. औषधे व उपकरणे जळून गेली होती, आठशेहून अधिक सहकारी व विद्यार्थी मेले होते. उरलेल्यांनी रुग्णांना पाठीवर घेऊन मागच्या टेकडीवर नेले. रक्तस्रावाने कोसळेपर्यंत नागाई थांबले नाहीत. घराकडे ते गेले ११ ऑगस्टला. स्वयंपाकघराच्या जागी मिदोरीच्या जळालेल्या अस्थी आणि शेजारी तिची वितळलेली जपमाळ सापडली. मुलगा माकोतो व मुलगी कायानो यांना आजीबरोबर गावी पाठवले होते, म्हणून ती वाचली. दुसऱ्याच दिवशी नागाईंनी मित्सुयामा खोऱ्यात मदतकेंद्र उभारले. सुमारे दोन महिने त्यांच्या पथकाने तेथे रुग्णसेवा केली व रुग्णांची नोंद ठेवली.

२३ नोव्हेंबर १९४५ रोजी कॅथेड्रलच्या अवशेषांपाशी मृतांसाठी मिस्सा झाली. तेथे प्रापंचिकांच्या वतीने बोलताना नागाईंनी उराकामीच्या मृतांना युद्धसमाप्तीसाठी वेदीवर अर्पिलेले निष्कलंक कोकरू मानले. शोकाकुल कुटुंबांना या विचाराने आधार दिला. परंतु पुढे त्यावर टीकाही झाली. ईश्वरी योजनेचे नाव घेतले की बॉम्ब टाकणारे आणि युद्ध सुरू करणारे दोघेही दोषमुक्त होतात, असा आक्षेप होता. हा आक्षेप आम्हांस वजनदार वाटतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी फेब्रुवारी १९८१ मध्ये हिरोशिमा येथे युद्ध ही मानवाचीच करणी असल्याचे स्पष्ट केले, तेव्हा वाचलेल्या अनेकांच्या मनावरचे ओझे उतरले. नागाईंनी स्वतःच्या पत्नीची राख हातात घेऊन हे विचार मांडले होते, हेही मात्र विसरता येत नाही.

१९४६ पासून ते अंथरुणाला खिळले. १९४८ साली दोन चटयांएवढ्या खोलीत ते राहू लागले. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी या आज्ञेवरून त्यांनी तिचे नाव न्योकोदो ठेवले. नागासाकीची घंटा हे त्यांचे पुस्तक तेथूनच जगाला कळले. अमेरिकन अधिकाऱ्यांनी ते बराच काळ रोखून धरले. जपानी सैन्याने मनिलात केलेल्या अत्याचारांचा वृत्तांत जोडल्यावरच १९४९ मध्ये ते छापले गेले. त्यांनी उजाड उराकामीत चेरीची हजार रोपे लावली. १ मे १९५१ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते प्रभूच्या सन्निध गेले.

त्या पुस्तकातील घंटा ढिगाऱ्यातून काढून १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस वाजवली गेली होती. तिची जोडीदार घंटा मात्र बॉम्बने नष्ट झाली. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी काढून नवी घंटा घडवली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी, त्याच मिनिटाला, पुन्हा उभारलेल्या कॅथेड्रलमध्ये ऐंशी वर्षांनी दोन्ही घंटा एकत्र वाजल्या.