फ्लोरेन्स नाइटिंगेल: रुग्णाकडे कसे पाहावे हे शिकवणारी परिचारिका

रुग्णालयात सिस्टर दर काही तासांनी येऊन ताप, नाडी, रक्तदाब पाहतात. किती पाणी प्यायले, लघवी किती झाली, असे विचारतात. पुष्कळ नातेवाइकांना हा केवळ सोपस्कार वाटतो. या नोंदींचे महत्त्व फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या आयुष्यातून चांगले समजते. हातात दिवा घेऊन फिरणारी दयाळू स्त्री ही त्यांची ओळख आहे, पण त्यांचे खरे काम त्याहून मोठे आहे.

शिक्षण आणि घरचा विरोध

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लोरेन्स शहरात एका श्रीमंत इंग्रज कुटुंबात झाला. त्यांना गणिताची आवड होती. त्या काळी परिचारिकेचे काम हलके समजले जाई, त्यामुळे घरून कडाडून विरोध झाला. तरीही १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे काही महिने शिक्षण घेतले. १८५३ मध्ये लंडनमधील एका लहान रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

क्रिमियाच्या युद्धातील धडा

ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या. तेथे सैनिकांची दाटी होती आणि इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. नाइटिंगेल यांनी स्वच्छ कपडे, धुलाई आणि चांगल्या आहाराची व्यवस्था केली. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले.

मार्च १८५५ मध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने गटारे साफ केली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यू झपाट्याने कमी झाले.

इंग्लंडला परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने सर्व आकडे तपासले. जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक टाळता येण्याजोग्या आजारांनी गेले होते. सेवा मनापासून होती, पण आजाराचे कारण हेरल्याशिवाय ती अपुरी पडली. १८५८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष रंगीत आकृत्यांतून मांडले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या.

निरीक्षणाचे शास्त्र

१८५९ मध्ये त्यांनी शुश्रूषेवर एक छोटे पुस्तक लिहिले. रात्र बरी गेली का, असे विचारून काही कळत नाही. किती तास आणि कोणत्या वेळी झोप लागली हे विचारावे, असे त्यांचे मत होते. रुग्णाने जेवण टाकले तर भूक नव्हती, पदार्थ नीट शिजला नव्हता, पदार्थच योग्य नव्हता की वेळ चुकली, हे शोधावे. आपण जवळ नसतानाही ते काम नीट होईल अशी व्यवस्था करणे हाही शुश्रूषेचाच भाग, असे त्या मानत. आज सिस्टर ड्युटी बदलताना एकमेकींना रुग्णाची माहिती देतात, त्यामागे हाच विचार आहे.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा सुरू झाली. तिथे वॉर्डातील कामाबरोबर डॉक्टरांची व्याख्यानेही असत.

आजार दूषित हवेने होतात, असे त्या मानत. जंतूंचा सिद्धांत त्यांनी सहजासहजी स्वीकारला नाही. ते मत मागे पडले. पण नीट पाहणे, नोंदवणे आणि कारण शोधणे ही पद्धत टिकली. युद्धकाळात जडलेल्या आजारपणामुळे नंतरची अनेक वर्षे त्यांनी अंथरुणावरूनच काम केले. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

नातेवाइकांनी काय करावे?

- "काही खात नाही" असे न सांगता किती, कधी आणि काय खाल्ले ते सांगा.
- झोप, लघवी, उलट्या, जुलाब यांची वेळेसह नोंद ठेवा.
- श्वास वेगाने चालणे, अचानक असंबद्ध बोलणे, जास्त गुंगी येणे किंवा लघवी खूप कमी होणे, यांपैकी काही दिसल्यास लगेच सिस्टरना सांगा. रुग्ण घरी असल्यास लगेच डॉक्टरांकडे न्या.

रुग्णाची प्रकृती बिघडण्याची पहिली खूण बहुतेक वेळा त्याच्या जवळ असलेल्यालाच दिसते. ती वेळेवर सांगितली, तर उपचारही वेळेवर सुरू होतात.