खटखट थांबली, शिसे उरले

वजन घेऊन चढण चढणाऱ्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येऊ लागला, की बहुतेक जण आधी स्पार्क प्लग काढून बघतात. दोष ठिणगीचा, हा पहिला संशय. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही हाच संशय होता. तो खोटा ठरवण्यापासूनच थॉमस मिजली यांची कीर्ती सुरू झाली, आणि पुढची अपकीर्तीही.

मिजली यांचा जन्म १८८९चा, पेनसिल्व्हेनियातला. १९११मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. रसायनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती, तरी ते पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले. १९१६मध्ये ते डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली आले. कॅडिलॅक मोटारीला बटण दाबून चालू होणारा स्टार्टर आणि बॅटरीवरची ठिणगी दिली ती याच केटरिंग यांनी. इंजिने खटखटू लागली तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी बोट दाखवले ते या नव्या ठिणगीकडे. साहजिकच केटरिंग यांना खरे कारण हवे होते.

मिजली यांनी सिलिंडरमधला दाब नोंदवणारे उपकरण बसवले आणि उलगडा झाला. ठिणगी वेळेवर पडत होती, ज्योतही पसरू लागत होती. पण टोकाला उरलेले इंधन दाबाने आणि उष्णतेने ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटत होते. ठिणगी चुकली तर इंजिन झटके देते, फटफटते. ‘नॉकिंग’ हे वेगळे दुखणे आहे. जुन्या गाडीत टायमिंग फार पुढे सरकले, पिस्टनच्या माथ्यावर कार्बन साचला, किंवा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकून पेट्रोल कमी पडू लागले की तेच होते. प्लग बदलून या तिन्हींतले काहीच बरे होत नाही.

औषध सापडले ते मात्र चुकीच्या तर्कातून. थंडीतही लवकर फुलणाऱ्या एका रानवेलीची पाने मागून लाल असतात. तो रंग उष्णता शोषत असेल, तर रॉकेल लाल करून पाहावे, असे ठरले. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन घातले. खटखट थांबली! मग खरे लाल रंग घालून पाहिले, तर काहीच फरक नाही. उलट आयोडीनचे रंगहीन संयुग लागू पडले. गुण रंगाचा नव्हताच. पुढची पाच वर्षे मिजली एकेक पदार्थ तपासत गेले. टेल्युरियमला इतकी घाण येई की अंगाचा वास धुतल्यानेही जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथाइल लेड, म्हणजे शिशाचे संयुग, इंजिनात घातले गेले. गॅलनला चमचाभरही पुरे होई.

अल्कोहोलनेही खटखट थांबते, हे त्यांना ठाऊक होते. पण ते बरेच मिसळावे लागे आणि त्यावर कुणाची मक्तेदारी राहिली नसती. शिशाचे पेटंट घेता येत होते. १९२३मध्ये ते बाजारात आले, ‘इथाइल’ या नावाने. शिसे हा शब्द त्यात कुठेच नव्हता. शिशाची पुटे प्लगवर चढू लागली, तेव्हा ती बाहेर वाहून नेण्यासाठी ब्रोमीनचे संयुग मिसळले गेले. इंजिन स्वच्छ राहिले. शिसे धुरातून हवेत गेले.

त्याच वर्षी मिजली यांना स्वतःलाच शिशाची बाधा झाली आणि ते विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेले. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. तीसहून अधिक आजारी पडले. तरीही त्या महिनाअखेरीस मिजली यांनी पत्रकारांसमोर तेच द्रव हातावर घेतले आणि त्याची वाफ मिनिटभर हुंगली. हे अज्ञान नव्हते, आणि म्हणूनच ते माफ करणे जड जाते. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९२५च्या सरकारी परिषदेत धोका स्पष्ट सांगितला. विक्री काही महिने थांबली, १९२६मध्ये पुन्हा सुरू झाली.

शिसे शरीरात कॅल्शियमची जागा घेते, हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि वाढत्या मुलांच्या मेंदूला इजा करते. त्याची सुरक्षित मात्रा ठरवता आलेली नाही. भारतात ते पेट्रोलमधून पूर्णपणे गेले १ फेब्रुवारी २००० रोजी. जगात शेवटी अल्जीरियातून, २०२१मध्ये.

जुन्या गाड्यांचे मालक आजही विचारतात, शिसे नाही तर व्हॉल्व्ह झिजतील का? बिडाच्या हेडची गाडी सतत वेगात पळवली तर झिजू शकतात. कडक धातूच्या सीट बसवल्या की प्रश्न मिटतो. टू-स्ट्रोक जावा-येझदीला असे व्हॉल्व्हच नसतात. आजची खरी काळजी इथेनॉलची. म्हणजे मिजली यांनी मागे ठेवलेले तेच अल्कोहोल! ते पाणी शोषते, जुने रबरी पाइप आणि वॉशर फुगवते, उभ्या गाडीची टाकी आतून गंजू शकते. तो गंज जेटमध्ये गेला की खटखट परत.

पुढे मिजली यांनी फ्रिजसाठी सीएफसी वायूही शोधला. त्याने ओझोनचा थर विरळ होतो, हे १९७४मध्ये कळले. १९४०मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, पोलिओने त्यांचे पाय गेले. पलंगावरून उठता यावे म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतः बनवली. २ नोव्हेंबर १९४४ रोजी तिच्याच दोऱ्यांत गळा आवळलेल्या अवस्थेत ते मृत सापडले. अपघात म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. सरकारी नोंद मात्र आत्महत्येची आहे.