ग्रेस वायली: नागांना हाताने कुरवाळणारी बाई, आणि तिला चावलेला आपल्याकडचा नाग

पावसाळा लागला की ढाणकी, उमरखेडकडच्या शिवारात साप दिसायला लागतात. त्यासोबत मोबाईलवर व्हिडिओही फिरायला लागतात. कुणी नाग गळ्यात घालतं, कुणी फण्याचा मुका घेतं. खाली कमेंटमध्ये ठरलेला वाद असतो. एक म्हणतो सापाला माया कळते, दुसरा म्हणतो साप तो सापच.

हा वाद जिने स्वतःच्या आयुष्यावर खेळून पाहिला, अशी एक बाई अमेरिकेत होऊन गेली. तिचं नाव ग्रेस ऑलिव्ह वायली. कोणताही साप प्रेमाने माणसाळतो यावर तिचा विश्वास होता आणि हे तिने शेकडो सापांवर करून दाखवलं होतं. शेवटी तिचा जीव गेला तो भारतातून आलेल्या एका नागाच्या दंशाने.

किडे गोळा करता करता साप

ग्रेसचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातला, 1883 सालचा. शिक्षण झालं कॅन्सस विद्यापीठात आणि विषय होता कीटकशास्त्र. सापांची तिला आधी भीतीच वाटायची. पण किडे गोळा करायला रानोमाळ हिंडताना साप वारंवार समोर येत गेले. हळूहळू भीती गेली आणि त्या जागी कुतूहल आलं.

1923 च्या सुमारास ती मिनियापोलिस शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या निसर्ग संग्रहालयात क्युरेटर झाली. तिथे तिने शेकडो साप जमवले. शेपटीने खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक हा अमेरिकेतला विषारी साप. बंदिस्त जागेत त्याची पिल्लं जन्माला आणण्यात सुरुवातीला ज्यांना यश आलं, त्यात ग्रेसचं नाव घेतलं जातं. ज्या काळात विज्ञानाच्या नोकऱ्यांत बायका औषधालाही सापडत नव्हत्या, त्या काळातलं हे काम आहे.

तिची पद्धत काय होती?

नवीन साप आला की ग्रेस त्याला लगेच हातात घेत नसे. मऊ कापड गुंडाळलेली काठी ती त्याच्याजवळ नेई. साप काठीवर झडप घाली, पण काठी त्याला इजा करत नसे. असं पुन्हा पुन्हा झालं की साप थंडावायचा. मग ती त्याच काठीने त्याची पाठ कुरवाळायची आणि बऱ्याच वेळाने काठीच्या जागी स्वतःचा हात आणायची. नागाच्या बाबतीत ती तळहात सपाट धरायची, म्हणजे त्याला पकडायला बोट मिळत नाही.

हे जादू-मंतर नव्हतं. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली आणि तिच्यापासून त्रास झाला नाही, तर प्राणी तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. याला सवय होणं म्हणतात. सापालाही सवय होते. ग्रेसने हे कुणी शिकवण्याआधी स्वतः पाहून ओळखलं होतं.

गडबड झाली ती पुढच्या पायरीवर. या सवयीला ती जिव्हाळा समजू लागली.

नोकरी गेली, साप राहिले

विषारी साप उघड्या हातांनी हाताळण्यावरून मिनियापोलिसमध्ये वाद झाले. 1933 मध्ये ती शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांची क्युरेटर म्हणून गेली. तिथेही सवय तीच. पिंजऱ्यांची दारं उघडी राहून साप बाहेर निसटायचे. एकदा तर इजिप्तचा नाग पसार झाला आणि मोठी खळबळ उडाली. 1935 मध्ये तिला कामावरून काढलं.

ग्रेस कॅलिफोर्नियातल्या सायप्रस गावात राहायला गेली आणि तिथे तिने स्वतःचं सर्पालय थाटलं. लोक साप बघायला यायचे. हॉलिवूडच्या जंगलपटांनाही तिचे प्राणी लागायचे. जगातला सर्वात लांब विषारी साप असलेला नागराजही तिच्याकडे होता आणि त्यालाही ती हाताने कुरवाळायची.

20 जुलै 1948

त्या दिवशी डॅनियल मॅनिक्स हा लेखक तिचे फोटो काढायला आला होता. ग्रेसने नुकताच आलेला भारतीय नाग बाहेर काढला. हा साप तिच्या हाताला अजून सरावलेला नव्हता. फणा काढलेला फोटो हवा होता म्हणून तिने हात पुढे केला. नागाने झडप घातली आणि तिचं मधलं बोट धरून ठेवलं.

ग्रेस घाबरली नाही. तिने बोट सोडवून घेतलं आणि नागाला परत ठेवलं. घरात प्रतिविष होतं, पण ते वेळेवर देता आलं नाही. तिला लाँग बीचच्या रुग्णालयात नेलं. तिथे अमेरिकन सापांच्या विषावरचं औषध होतं, नागाच्या विषावरचं नव्हतं. श्वास थांबत आल्यावर डॉक्टरांनी तिला कृत्रिम श्वासाच्या यंत्रात ठेवलं. तरीही दंशानंतर दोन तासांच्या आत तिचा मृत्यू झाला.

मग नाग का चावला?

साप माणसाला चावतो त्याची कारणं मोजकी आहेत आणि त्यात राग, सूड किंवा विश्वासघात बसत नाही.

पहिलं कारण भीती. फणा काढणं म्हणजे नागाची धमकी असते: जवळ येऊ नकोस. जो फोटो आपल्याला रुबाबदार वाटतो, त्यात साप बहुतेक वेळा घाबरलेला असतो. ग्रेसला फोटोसाठी फणा हवा होता, म्हणजे साप बिथरलेला असणं हीच फोटोची अट होती.

दुसरं कारण भूक आणि गफलत. साप जीभ आत-बाहेर करून वास घेतो. उंदराला किंवा पिल्लाला हात लावून तोच हात पिंजऱ्यात घातला, तर सापाच्या लेखी तो हात म्हणजे जेवण. पाळीव अजगर मालकाला चावतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. अशा वेळी साप चावा सोडत नाही, धरून ठेवतो.

तिसरं कारण शरीराची अवस्था. कात टाकायच्या आधी सापाच्या डोळ्यांवर दुधाळ पडदा येतो आणि त्याला नीट दिसत नाही. समोर हललेली प्रत्येक वस्तू मग धोका वाटते. दुखापत किंवा नवी जागा असली तरीही तो चटकन बिथरतो.

चौथी गोष्ट ग्रेसच्या मृत्यूत सर्वात महत्त्वाची ठरली. सवय ही त्या एका सापाची, त्या जागेपुरती असते. ग्रेसच्या जुन्या सापांना तिचा हात ओळखीचा होता. या नव्या नागाला तो परका होता. शेकडो साप हाताळल्याचा अनुभव ग्रेसकडे होता, त्या नागाकडे नव्हता.

औषध असूनही उपयोग का झाला नाही?

प्रतिविष तयार करताना घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत, हळूहळू वाढवत टोचतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध जी प्रतिद्रव्यं तयार होतात, त्यातून औषध बनतं. ज्या सापाचं विष वापरलं, त्याच्यावर ते चालतं. रॅटलस्नेकवरचं औषध नागाला चालत नाही ते यामुळे. नागाचं विष नसांवर परिणाम करून श्वासाचे स्नायू बंद पाडतं.

भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालतं. मुंबईच्या हाफकिनचं नाव या औषधाशी अनेक दशकं जोडलेलं आहे. म्हणून इथे नाग चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता, चिरा न देता, विष न चोखता, हातपाय फार न हलवता थेट प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं असतं. ग्रेसला जे औषध जवळच्या रुग्णालयात मिळालं नाही, ते आपल्याकडे आहे. प्रश्न वेळेत पोहोचण्याचा असतो.

तिच्याकडून घ्यायचं काय?

ग्रेस अडाणी नव्हती आणि स्टंटबाजही नव्हती. साप म्हणजे दिसताक्षणी ठेचायची वस्तू, असं मानणाऱ्या जगाला तिने साप शांतही राहू शकतो हे दाखवलं. ते खरं होतं. तो शांत राहतो म्हणजे तो आपला झाला, हे मात्र खरं नव्हतं.

आपल्याकडे नाग पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. साप पकडून रानात सोडणाऱ्या सर्पमित्रांसाठीही ग्रेसची गोष्ट कामाची आहे. प्रत्येक घरातून निघणारा नाग हा नवा नाग असतो. आधीचे किती पकडले, हे त्याला माहीत नसतं. हूक आणि पिशवी वापरायची, आणि कुणी फणा काढलेला फोटो मागितला तर सरळ नाही म्हणायचं.